अंबाडीची तब्येत

बाथरूममध्ये भाजी पिकवणारा माणूस डोक्यानं अधू असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑगस्ट महिन्यात कुवेतमधल्या आमच्या मंगफला यावं आणि आमच्या गॅलरीत उभं राहून दुपारचा चहा पिऊन दाखवावा. आमच्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत, भाजून निघतात. तिथे रोप लावणं ही उघड हिंसा झाली असती. म्हणून मी अंबाडी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये लावली. मग पाहुण्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न माझ्या बायकोनं, सुमेधानं, तेव्हाच विचारला होता. पण महत्त्वाच्या कामाच्या सुरुवातीला मी किरकोळ शंकांना उत्तरं देत बसत नाही.

मुळात अंबाडीच का, तर महालक्ष्म्यांसाठी. पुण्याकडचे लोक ज्यांना गौरी म्हणतात त्या आम्हा नांदेडकरांच्या महालक्ष्म्या. भाद्रपदात दोघी बहिणी घरी येतात, जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. आजवर त्या माझ्या आईकडे बसत. यंदा आईच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि तिनं पितळी मुखवटे सुमेधाच्या ओटीत घातले. सुमेधा ते विमानात मांडीवर घेऊन कुवेतला आली. सासूनं सोपवलेलं पहिलंच वर्ष. त्यात काही कमी पडलं असतं तर ते तिला जन्मभर लागलं असतं, आणि तिला लागलेलं मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

आईनं फोनवर नियम सांगून टाकला होता. "सोळा भाज्यांतल्या दोन-चार कमी झाल्या तर महालक्ष्म्या सांभाळून घेतात. पण अंबाडीबिगर त्या घास उचलत नाहीत, ध्यानात ठिव."

आंध्रवाल्यांच्या दुकानात गोंगुरा मिळतो, तोही अंबाडीचाच प्रकार, असं मी सुचवून पाहिलं. आई म्हणाली, ती लाल देठाची, आपली हिरव्या देठाची. यापुढे आईशी वाद घालता येत नाही. मी लहानपणापासून प्रयत्न करून पाहिला आहे. बी तिनंच जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून दिलं होतं. म्हणजे पेरायचं काम तेवढं माझं.

मी एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब पाहतो. मातीशी माझा संबंध बूट पुसण्यापुरता. पण पद्धतशीर माणसाला कुठलंही काम जमतं असं माझं मत आहे, म्हणजे तेव्हा होतं. बाथटबमध्ये कुंड्या मांडल्या, रोपांना लागतो तो जांभळा दिवा मागवला, पंखा लावला. दिव्यामुळे आमच्या बाथरूमच्या खिडकीतून खालच्या पार्किंगवर जांभळा उजेड पडू लागला, तेव्हा इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, तौफीक विचारायला आला. हा बांगलादेशी माणूस अतिशय सज्जन आहे आणि त्याला सगळं कळायला हवं असतं. भाजीबद्दल सांगितलं तर घरमालकापर्यंत जाईल, म्हणून मी म्हटलं की बायकोच्या गुडघ्यांना शेक देतो. त्या दिवसापासून तो लिफ्टमध्ये सुमेधाला गुडघ्यांबद्दल विचारू लागला, आणि सुमेधा घरी येऊन मला.

अंबाडी उगवली. मी कोंभांचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि तीच मोठी चूक झाली. कारण आठवडाभरातच कोंभ माना टाकू लागले आणि सगळं मंडळ अंबाडीच्या तब्येतीची चौकशी करू लागलं. मागच्या हिवाळ्यात मी तापानं फणफणलो होतो तेव्हा या लोकांनी साधा एक अंगठासुद्धा पाठवला नव्हता. आता सबाह अल-सालेमच्या एका वहिनींनी अंड्याची टरफलं घालायला सांगितली. अबू हलीफाच्या एका काकांनी केळ्याच्या साली भिजवलेलं पाणी सुचवलं. ते मी घातलं, आणि बाथरूमला असा वास सुटला की सुमेधानं पाहुण्यांचा प्रश्न पुन्हा काढला नाही, कारण पाहुणे यायचेच बंद झाले. एकानं रोपांशी बोलायला सांगितलं. मी बोललो. पण हिशेबनीस माणूस रोपांशी बोलणार काय? मी त्यांना कामगिरी सुधारण्याबद्दल समज दिली.

प्रत्यक्ष येऊन पाहिलं ते फक्त वरच्या मजल्यावरच्या दत्तप्रसादनं. तो कुडाळकडचा, एसी दुरुस्त करतो, घरची मंडळी गावी. त्यानं पानं बघितली नाहीत की माती बघितली नाही. मी नळ सोडून कुंडीत पाणी घातलं, त्याखाली त्यानं नुसता हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "भाजी आधी काढूची आणि मगे शिजवूची. तुमी उलटा करतास."

इथे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं. गार पाणी हवं असेल तर गिझर बंद ठेवायचा आणि गरमचा नळ सोडायचा. आंघोळीच्या बाबतीत हे मला इतकी वर्षं माहीत होतं. रोपांच्या बाबतीत सुचलं नाही. मी रोज दुपारी, मोठ्या प्रेमानं, अंबाडी मुळापासून उकडत होतो.

दत्तप्रसादनं एसीच्या गार पाण्याची नळी भिंतीतून आणून टबात सोडली. थेंब थेंब पाणी, चोवीस तास. त्या नळीचं मी इतकं कौतुक केलं की पुढे तिनं जे केलं त्याबद्दल तिला बोल लावायची मला आता लाज वाटते.

रोपं जगली खरी, पण पिवळी. पानांच्या कडा वर वळायच्या, मध्ये डाग. सुमेधा रोज सकाळी बाथरूमच्या दारात उभी राहायची आणि काही न बोलता निघून जायची. ती बोलते तेव्हा मला काळजी वाटत नाही. शेवटी मी पानाचा फोटो काढून फोनला विचारलं की हा कसला आजार. फोननं मला थेट परदेशातल्या हौशी बागवानांच्या एका गटात नेऊन सोडलं. पहिल्यांदाच रोपं लावणारे आणि ज्यांची रोपं आजारी आहेत असे लोक तिथे फोटो टाकत आणि जुने जाणते सल्ला देत. पानं हुबेहूब माझ्या रोपांसारखीच. इतक्या देशांत इतके लोक अंबाडी लावतात हे पाहून मला भरून आलं.

मी फोटो टाकला. कॅनडातल्या एका गृहस्थानं, जो स्वतःला अंकल मॅपल म्हणवत असे, ताबडतोब उत्तर दिलं. आमच्या मंडळानं शिकण्यासारखी गोष्ट ही की कुणी मला हसलं नाही. पाणी कमी करा, दिवा वर घ्या, केळी बंद करा, मुळांना श्वास घेऊ द्या. ही माणसं रोपांना 'लेडीज' म्हणत. मला ते फार आवडलं, कारण माझीही सगळी धडपड दोन बायकांसाठीच चालली होती. रोपं खरोखर सुधारली. वरची नवी पानं रुंद, तुकतुकीत आणि हाताच्या बोटांसारखी चिरलेली येऊ लागली. एकच रोप कोपऱ्यात नळीखाली खुरटून बसलं होतं, त्याची पानं आपली लहान आणि साधी गोल. अंकल मॅपलनं ते उपटून टाकायला सांगितलं. सुमेधा म्हणाली, एवढंसं आहे, राहू द्या. मी त्याला टिंगू म्हणायचो आणि येताजाता घालूनपाडून बोलायचो.

एकदा अंकल मॅपलनं विचारलं की याचा वापर कसा करणार. मी लिहिलं, खाणार. घरी धार्मिक कार्य आहे, चाळीस माणसं असतील, लहान मुलंही. पानं उकडून, पाणी पिळून फेकून द्यायचं, मग ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे. लसूण घालत नाही, धार्मिक कारण. मग त्यानं लिहिलं की आपण आयुष्यात पुष्कळ लोक पाहिले, पण तुमच्यासारखं कुटुंब पाहिलं नाही. मी हे सुमेधाला वाचून दाखवलं. तिलाही बरं वाटलं.

आमची अक्षरा बारावीत आहे. ती आमच्याशी इंग्रजीत बोलते आणि आम्ही तिच्याशी मराठीत, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की आपण फार सोसतो. तिनं चार्जरसाठी माझा फोन उचलला, स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझं बालपण आठवलं.

"बाबा, डू यू नो व्हॉट दीज पीपल ग्रो?"

मी म्हटलं, अंबाडी. तिनं बोटानं त्या गटाचं मुखपृष्ठ उघडलं. वर एक भलंमोठं हिरवं पान, मागे धूर, आणि खाली तो शब्द. गांजा. मी पानाकडे पाहिलं. मग उठून बाथरूममध्ये गेलो आणि जांभळ्या उजेडात पंख्याच्या वाऱ्यावर डुलणाऱ्या माझ्या लेडीजकडे पाहिलं. अंबाडीचं वरचं पान आणि गांजाचं पान यांत फरक असेल, पण तो दाखवायला शेजारी वनस्पतिशास्त्रज्ञ उभा लागतो. आणि मी चाळीस माणसांना, मुलांसकट, जेवायला घालणार असल्याचं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं.

या देशात या बाबतीत कुणी चेष्टा करत नाही. माझी नोकरी, अक्षराची शाळा, आमची अकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी, सगळं एका बाथरूमच्या दाराआड टांगलेलं मला दिसू लागलं. मी गट सोडला, मग वाटलं सोडणं जास्त संशयास्पद. फोन बंद करून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवला. का ठेवला ते मला आजही सांगता येणार नाही. मग म्हटलं, रोपं काढून टाकू. पण टाकायची कुठे? कचऱ्याच्या पिशव्या तौफीक उघडून पाहतो, डबे वेगळे काढायला. खाऊन संपवू म्हटलं, तर नैवेद्याआधी पान तोंडात घालायचं नाही असं सुमेधानं बजावलं.

"अहो, ही अंबाडी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, महालक्ष्म्यांना माहीत आहे."

"पोलिसांना माहीत नाही."

"मग तेवढे दिवस पोलिसांना आपलं बाथरूम वापरायला देऊ नका."

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी घर नुसतं घमघमत होतं. दिवाणखान्यात दोघींना पैठण्या नेसवून, दागिने घालून उभं केलं होतं. सुमेधाच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा न पाहिलेलं तेज होतं. अंबाडी दुसऱ्या दिवशी सकाळी खुडायची, की सुटलो. आणि नेमक्या त्याच वेळी टबात साचलेल्या मातीनं निचऱ्याचं भोक बुजवलं. दत्तप्रसादची नळी मात्र इमानानं चालूच होती. टब भरला, वाहिला, आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या अदिबाभाभींच्या छतातून त्यांच्या स्वयंपाकघरात उतरलं. त्यांनी तौफीकला फोन केला. तौफीकनं घरमालकाच्या मंदूबला फोन केला. मंदूब म्हणजे मालकाची भाडी, तक्रारी आणि कागदपत्रं सांभाळणारा माणूस. आमचा मंदूब इजिप्तचा, आडवा बांधा, आणि सहसा महिनोन्महिने सापडत नाही. त्या दिवशी तो लगेच सापडला.

बेल वाजली तेव्हा दत्तप्रसाद प्रसादाचं बेसन भाजत होता. त्याला मी बाथरूमकडे पिटाळलं आणि दार उघडलं. मागे तौफीकला घेऊन मंदूबनं एक पाऊल आत टाकलं, दिवाणखान्यात दोन नटलेल्या बायका उभ्या दिसल्या, आणि त्यानं झटक्यात तोंड भिंतीकडे फिरवलं. पुरुषानं परक्या बायकांसमोर असं घुसायचं नाही, ही त्याची रीत. भिंतीकडे बघत तो मोडक्या हिंदीत म्हणाला की मदाम लोकांना आत जायला सांगा.

मी म्हटलं, त्यांना जाता येत नाही. एकदा बसवल्यावर त्यांना जागेवरून हलवायचं नसतं, पण एवढं सगळं हिंदीत कसं सांगायचं. त्यानं विचारलं, आजारी आहेत का. मी म्हटलं, नाही, पाहुण्या आहेत, आजच आल्या. मंदूबच्या आवाजात जरा कागदपत्रांचा सूर आला. व्हिसा कसला? किती दिवस राहणार? घरात जादा माणसं ठेवायला मालकाची परवानगी घेतली का? मी देवाशपथ खरं तेच सांगितलं की परवा जातील, दरवर्षी येतात, कधी जास्त राहत नाहीत. आतून दत्तप्रसादच्या बादलीचा आवाज येत होता. शेवटी सुमेधानं पलंगावरची चादर आणली आणि अक्षराला दुसरं टोक धरायला लावून महालक्ष्म्यांपुढे अंतरपाट धरला. मंदूब त्यांना सलाम करत, नजर खाली ठेवून, बाथरूमपर्यंत गेला.

आत दत्तप्रसाद घोटाभर पाण्यात पडदा घट्ट धरून उभा होता. पडद्यामागे जांभळा उजेड. मंदूबनं पडदा सरकवला.

पंख्यानं पानं डुलत होती. तौफीकनं टबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अतिशय दुःखी आवाजात विचारलं, "साब, ये भाभीजी का घुटना है?"

मंदूबनं खिशातून फोन काढला. मला आई दिसली, नांदेडच्या घरात फोनपाशी बसलेली. आता तिला काय सांगायचं? मग मी जे केलं ते सुचून केलं नाही. दोन मोठी पानं तोडली आणि तोंडात कोंबली, ही भाजी आहे एवढं दाखवायला. मंदूबला वाटलं मी पुरावा नष्ट करतोय. त्यानं माझा हात धरला. त्या अवस्थेत, मी तोंड भरून चावतोय आणि मंदूब माझं मनगट आवळतोय, अदिबाभाभी वर आल्या. दुपट्टा ओला, डोळ्यांत अंगार. हैदराबादच्या बाई. त्यांच्या छताबद्दल त्या जे बोलणार होत्या ते त्यांच्या ओठांवरच राहिलं.

"अय्यो, ये अंबाड़ा तुमको कां से मिला जी?"

त्यांनी मंदूबला कोपरानं बाजूला सारलं, एक पान खुडून चावलं आणि डोळे मिटले. मग दुसरं पान खुडून मंदूबच्या तोंडापुढे धरलं, हट्टी मुलाला औषध देतात तसं. त्यानं घाबरत चावलं. आंबटपणानं त्याचा सगळा चेहरा गोळा झाला आणि मग हळूहळू उलगडला. करकदे, तो पुटपुटला. इजिप्तमध्ये ते फुलांचं आंबट सरबत पितात त्याचं नाव, आणि चव अगदी तीच. पण तो मंदूब होता. पुढचं एक रोप निर्दोष निघालं म्हणून मागची निर्दोष ठरत नाहीत. त्यानं प्रत्येक कुंडीतलं पान मागितलं, एक स्वतः चावलं, एक तौफीकला चावायला लावलं. हिशेब तपासताना आम्हीही असंच करतो, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती. फक्त टिंगूकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याची गोल पानं कशासारखीच दिसत नव्हती.

मंदूब गेला, निचरा साफ करा असं बजावून. अदिबाभाभी थांबल्या. छताचं जाऊ द्या म्हणाल्या. मग टबाकडे बघत राहिल्या. त्यांच्या साहेबांची अम्मी होती तोवर घरी अंबाड्याचं सालन व्हायचं, ती गेल्यापासून ते नाव काढतात पण मिळत नाही. मागितलं काहीच नाही. मी सुमेधाला डोळ्यांनी खुणावलं की नको. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. विळी आणली, उंच रोपं बुडापासून कापली, जुडी बांधली आणि त्यांच्या हातात दिली. घरी महालक्ष्म्या आलेल्या असताना दारात आलेली बाई ती रिकाम्या हातानं पाठवणार नव्हती.

दार लागल्यावर ती टबाच्या कडेवर बसली आणि रडली. मला तिचा राग आला होता, पण तो तेवढ्यात कुठे गेला कळलं नाही. मी म्हटलं, आईला मी सांगतो, चूक माझी आहे म्हणतो. ती म्हणाली, तुमची आहेच.

तेव्हा दत्तप्रसादनं नळी गुंडाळता गुंडाळता कोपऱ्यातली कुंडी पुढे ओढली. "वैनी, ह्येका कोण खावक नाय."

टिंगू. अंकल मॅपलनं मृत्युदंड दिलेला, मी रोज टाकून बोललेला, आणि म्हणूनच कुणी उष्टा न केलेला. त्याची सगळी पानं मिळून एक वाटी भाजी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही ताटांत, पुरणपोळीच्या शेजारी, तिचा एक एक हिरवा डाव पडला. बाकी चाळीस माणसांना आम्ही आंबट चुका खाऊ घातला. कुणाला कळलं नाही, कारण मंडळातले निम्मे पुण्याचे.

नैवेद्य दाखवताना आईला फोनवर समोर घेतलं. तिनं ताटं नीट जवळून बघायला लावली. शिजायच्या आधीची चार पानं सुमेधानं शेजारी ठेवली होती, ती बघितली.

"अशीच पाहिजेत," आई म्हणाली. "लहान, गोल, कोवळी. ती बोटाबोटाची कातऱ्याची पानं म्हणजे जून झालेली, ती नैवेद्याला घेत नाहीत. तुला हे कुणी सांगितलं रे?"

मी म्हटलं, अनुभवानं कळतं. फोनमागून सुमेधा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या. संध्याकाळी तौफीक दाराशी आला. मंदूबनं विचारायला सांगितलं होतं, त्या दोन मेहमान खरंच गेल्या का. मी काही बोलायच्या आत सुमेधा पुढे झाली.

"गये," ती म्हणाली. "पेटभर खाना खाके गये."

तौफीकनं समाधानानं मान हलवली. जाता जाता त्यानं गुडघ्यांचं विचारलं. एकदम ठीक, ती म्हणाली, आणि आत येऊन तिनं रिकामी कुंडी धुवायला घेतली, गरमच्या नळाखाली.